बांगडीएवढं पाऊल

"दिसनं ते पोटमाच ठेव, हेमा. कोनले सांगू नको. तुना बापलेबी नको."

ताईबाईनं हे सांगितलं तेव्हा हेमानं ते साडीवरची रेती झटकावी तसं झटकून टाकलं. तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. जळगावच्या कॉलेजातून प्राणिशास्त्र घेऊन बी. एस्सी. झालेली. रेतीत डांगरं पिकवणाऱ्या एका म्हातारीच्या सांगण्यावरून गप्प बसायचं, हे तिच्या स्वभावात बसणारं नव्हतं. आज ती चौतिशीची आहे, धुळ्यात राहते, आणि ते वाक्य तिला कुठंही आठवतं. भाजी निवडताना आठवतं, धाकट्याच्या छातीला तेल चोळताना आठवतं.

गोष्ट सत्त्याऐंशी सालच्या वैशाखातली. हेमाची सोनल तीन वर्षांची होती. चैत्रात तिला गोवर येऊन गेला. गोवर उतरला, पण हेमाच्या जिवाची धाकधूक काही उतरेना. पोर दुपारची झोपली की ही तिच्या नाकाखाली बोट धरून बसायची. शेवटी नवरा कंटाळला. "इथं पत्र्याखाली पोर सुकेल आणि तिच्याआधी तू सुकशील," असं म्हणत त्यानं दोघींना माहेरी आणून सोडलं.

माहेर म्हणजे धामणखेडं. असोद्याहून पुढं एस. टी. जिथवर जाते तिथं उतरायचं आणि मग बैलगाडीनं तासभर. गाव तापीच्या अगदी काठावर. वडील पितांबर आबा, केळीचे बागायतदार, गावात कुणाचं भांडण असलं की पारावर त्यांना बोलावणं यायचंच.

उन्हाळ्यात तापी एका कडेला अंग चोरून वाहते आणि उरलेलं सगळं पात्र रेतीचं होऊन जातं. दिवाळीच्या सुमाराला पाणी ओसरलं की वाडी करणारी घरं त्या रेतीचे पट्टे पाडतात. चिठ्ठ्या टाकतात, ज्याला जो निघेल तो त्याचा. रेतीत चर खणायचा, तळाला शेणखत भरायचं आणि टरबूज, डांगर लावायचं. डांगर म्हणजे आपलं खरबूज. पावसाळा आला की पट्टा, चर, झोपडी, सगळं नदी घेऊन जाते आणि पुढच्या दिवाळीला पुन्हा चिठ्ठ्या. चिठ्ठीत नाव नसलं तर त्या घराला त्या वर्षी चूल पेटवायला दुसरीकडे मजुरीला जावं लागतं.

त्या साली डोहाच्या कडेचा पट्टा ताईबाई आणि तिचा मुलगा तोताराम यांना निघाला होता. आबांच्या घरी रोज सकाळी टोपलीभर डांगरं तीच आणून द्यायची. सोनलला बघून म्हणाली, "घरमा काय कोंडी ठेवस पोरले? वाडीवर आन. थंड शे." दुसऱ्या दिवसापासून उन्हं चढायच्या आत हेमा सोनलला घेऊन वाडीवर जायला लागली.

तिथंच तिसऱ्या की चौथ्या सकाळी तिला ती पावलं दिसली.

सोनल झोपडीच्या सावलीत रेतीचं घर करत बसली होती आणि तिच्यापासून चार हातांवर पावलांची एक रांग गेली होती. माणसाची नव्हे. हेमानं आधी पोरीला उचलून कडेवर घेतलं, मग श्वास घेतला. तरस? लांडगा? पोरीला कडेवर ठेवूनच ती वाकली आणि बोटं मोजायला लागली. कुत्र्याला चार, कोल्ह्याला चार, रानमांजराला चार आणि त्याची नखं उमटत नाहीत. इथं पाच होती, नखांचे टोचे होते. मुंगसालाही पाच असतात, पण त्याचं पाऊल केवढंसं! पावलांच्या मधून शेपटीची ओढही होती. पण घोरपडीची ओढ सलग जाते, ही तुटक तुटक. आणि बोटांच्या मध्ये रेती हलकीशी दबलेली, तिथं पातळ कातडी टेकली असावी तशी.

तिनं हातातली एक हिरवी बांगडी काढून पावलावर ठेवली. पाऊल बांगडीत मावलं, नखं तेवढी बाहेर आली.

"काय दखस व माय? बांगडी हारपनी का?" पाठीमागून ताईबाई.

"अक्का, हे कुणाचं पाऊल?"

"तू इतली शिकेल शे, तूच सांग."

"पाच बोटं... मध्ये पडदा... शेपूट जाड..." हेमाला आपण तोंडी परीक्षेला उभे आहोत असंच वाटलं. "पाणमांजर?"

"पास व्हयनी!" ताईबाईनं टाळी वाजवली. सोनलनंही वाजवली.

"पोराबाळांना काही करत नाही ना?"

"तू तेले काही करी नको, ते तुले काही करस नही."

हेमाची भीती गेली ती तिथं. पण पाहत राहण्याची सवय गेली नाही, आता तिला काम मिळालं. पुढचे पंधरा दिवस म्हणजे हेमाच्या आयुष्यातली सर्वांत सुखाची शाळा होती, असं ती अजून म्हणते. ताईबाई दाखवायची, हेमा ते पुस्तकातल्या गोष्टींशी ताडून पाहायची आणि सोनल मध्येच नाचून सगळं पुसून टाकायची.

पावलाच्या काठावर बोट फिरवायचं. काठ धारदार असेल तर पहाटेचं. नऊच्या सुमारास वारा सुटला की काठ ढासळतात, मग ते आजचं की कालचं ते ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. काठाला चिखल जिथं गुळगुळीत घासलेला दिसतो, ती त्यांची घसरगुंडी. रेतीत म्हशीनं अंग घासल्यासारखा खळगा दिसला तर तिथं ती लोळून अंग कोरडं करतात. डोहाच्या वरच्या अंगाला एक करंज होता, त्याच्या उघड्या पडलेल्या मुळ्यांत त्यांचं बीळ. आणि सगळ्यांत मोठी खूण झोपडीच्या मागच्या काळ्या खडकावर. सगळं घर त्याच एका खडकावर विष्ठा करतं. ताजी असली तर काळपट, चिकट. वाळली की राखेसारखी होऊन भुगा होतो आणि उरतात नुसते माशांचे खवले, चांदीच्या टिकल्यांसारखे.

"शी!" हेमा पदर नाकाला लावायची.

"आते शी? आनि पोरनी दुपटी कोन धुस?" ताईबाई हसायची.

एकदा पहाटे ती प्रत्यक्ष दिसली. दोन मोठी आणि तीन अर्धवट वाढलेली पिल्लं. चार पाण्यात उतरली, पाचवं काही उतरेना. काठावर बसून बारीक शिट्टीसारखं ओरडत राहिलं. मग आई परत आली, तिनं त्याची मानगूट धरली आणि सरळ पाण्यात ढकलून दिलं. त्यानंतर मात्र ती दर चार हातांवर मान वर काढून मागं बघत होती, सगळी आहेत ना. हेमाला इतकं हसू आलं की तिला तोंडात पदर कोंबावा लागला. शेजारी उभ्या असलेल्या तोतारामानं नुसती भुवई उडवली. तोताराम मुलखाचा अबोल. त्याच्या हसण्याचं तेवढंच माप होतं.

आणि मग जाळ्यांचं प्रकरण निघालं.

वाडी करणाऱ्यांतलाच झुलाल डोहात जाळी लावायचा. संध्याकाळी लावायची, सकाळी काढायची. ओळीनं चार सकाळी जाळी फाटलेली निघाली, मासळी नाही, नुसत्या शेपट्या अडकलेल्या. झुलाल आणि तोताराम यांचं माघात एकदा वाजलं होतं, जाळ्याच्या खुंट्या तोतारामाच्या पट्ट्यात ठोकल्यावरून. त्यामुळं झुलालाला संशय कुणावर घ्यायचा ते शोधावं लागलं नाही. तो झोपडीच्या मागं गेला आणि त्याला काळ्या खडकावर खवल्यांचा थर दिसला. "बघा, मासळी इथं साफ करतो हा!" तेवढं पुरलं.

पारावर पंच बसले. तोतारामाला विचारलं, "खवले कुठून आले?" तो खाली बघत उभा. "जाळी तू कापलीस?" नुसती मान हलवली, नाही. "मग कोणी?" गप्प. झुलाल म्हणाला, "बोलायला तोंड कुठंय? तोंडात माझी मासळी आहे!" लोक हसले. शेवटी आबांनीच निवाडा केला. तोतारामानं आठ दिवसांत उलगडा करावा, नाहीतर दिवाळीला चिठ्ठीत त्याचं नाव पडणार नाही.

हेमानं हे जेवताना वडलांच्या तोंडून ऐकलं आणि ताट सोडून वाडीकडं निघाली. तोतारामाला तर सगळं ठाऊक होतं! खडकाचं, करंजाचं, सगळं. मग बोलला का नाही?

"मीच सांगेल शे तेले, बोलू नको म्हनीसन," ताईबाई म्हणाली. वाडीवर डांगराच्या वेलाला पालापाचोळ्याची उशी देत बसली होती, हात थांबवले नाहीत. तिच्या लग्नाच्या वेळी, ती सांगत होती, या अंगाला तीन डोहांवर पाणमांजरं होती. एकानं हौसेनं बाजारात गोष्ट सांगितली. महिनाभरात कातडी घेणारा माणूस आला आणि तीनही डोह रिकामे करून गेला. मग वीस वर्षं एक पाऊल दिसलं नाही. ही जोडी कुठून आली देव जाणे.

"पण अक्का, तोताभाऊ चोर ठरतोय! पट्टा जाईल तुमचा."

"जाऊ दे. एक साल मजुरी करसूत. लोक चार दिनमा भुली जातस. हाई जनावर गयं ते गयं." आणि मग ते वाक्य. पोटमाच ठेव, हेमा.

हेमाला राग आला. निरपराध माणसावर आळ यायचा, पुरावा डोळ्यांसमोर पडलेला, आणि आपण शिकलेल्या असून गप्प राहायचं? "काही होत नाही अक्का, आता कायदा आहे. या जनावराला हात लावला तर शिक्षा होते," ती म्हणाली. ताईबाईनं तिच्याकडं एकदा पाहिलं आणि पुन्हा वेलाकडं वळली.

दुसऱ्या दिवशी वारा सुटायच्या आत हेमानं आबांना, झुलालाला आणि चार पंचांना डोहावर नेलं. काय रंगली होती ती सकाळ! तिनं पावलांवर बांगडी ठेवून दाखवली. पाच बोटं मोजून घेतली. शेपटीची ओढ, लोळायची जागा, घसरगुंडी दाखवली. झुलाल म्हणाला, "मास्तरीणबाई, आता यांची हजेरीबी घ्या!" मग तिनं त्याच्याच जाळ्याचा एक दोरा तोतारामाच्या विळ्यानं कापून दाखवला. कापलेलं टोक साफ होतं, फाटलेली टोकं दाढीसारखी पिंजारलेली. शेवटी खडक. काडीनं तिनं एक वाळकी लेंडी फोडली. आतून खवले निघाले, काटे निघाले, खेकड्याच्या कवचाचे तुकडे निघाले.

"झुलालभाऊ, तोताभाऊ खेकडा कवचासकट चावून खातो का? आणि खाल्ला तरी इथं खडकावर..."

पुढचं तिला बोलावं लागलं नाही. आबांसुद्धा सगळे पोट धरून हसले. झुलालानं टोपी काढली, तोतारामाच्या खांद्यावर हात ठेवला. "चुकनं मनं, भाऊ." मनानं माणूस वाईट नव्हता.

तोतारामानं त्याच्याकडं पाहिलंच नाही. तो पुढं झाला आणि बांगडीखालचं ते पाऊल, त्याच्यापुढचं, त्याच्यापुढचं, अशी सगळी रांग पायानं पुसत गेला. हेमाला वाटलं, लाजला असेल.

एका सकाळीत तिनं सहा माणसांना वाचायला शिकवलं होतं. त्यांनी साठ जणांना शिकवलं. चार दिवस नुसती जत्रा. पोरं करंजाच्या मुळीत काठ्या घालून बघत, बाया खडकाला नाक लावून हसत. कुणीतरी जळगावच्या बाजारात सांगितलं, कुणीतरी असोद्याच्या बसमध्ये. आणि हेमा, सोनलच्या गालावर मांस चढलेलं बघून, आबांनी केलेलं कौतुक पदरात घेऊन धुळ्याला परत गेली.

ज्येष्ठात आबांचं कार्ड आलं. आबांचं अक्षर टपोरं, चार ओळींत कार्ड भरायचं. 'सोनलची तब्येत कळव. परगावचे चौघे लोखंडी सापळे घेऊन येऊन गेले. बरोबर काळ्या खडकाशीच लावले. जागा कुणी दाखवली ते कुणी कबूल करत नाही. तीन गेली. तुला कळवू नये असं तुझी आई म्हणत होती.'

हेमा कार्ड हातात घेऊन उंबऱ्यावर बसली. तिला दिसत होती ती दर चार हातांवर वळणारी मान. कोणती तीन, हे कार्डावर लिहिलेलं नव्हतं आणि उलट टपाली विचारायचा धीर तिला झाला नाही.

दिवाळीला हेमा माहेरी गेली. वाटलं होतं, ताईबाई बोल लावेल. तिनं फक्त "पोर कशी शे?" एवढंच विचारलं आणि सोनलच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. बोल लावला असता तर बरं झालं असतं, हेमाला अजून वाटतं.

चिठ्ठ्या पडल्या होत्या. तोतारामाचं नाव होतं, पण या खेपेला डोहाकडचा पट्टा झुलालाला निघाला. झुलालानं कुणी न सांगता तो तोतारामाला दिला आणि त्याचा खालचा, खडकाळ पट्टा आपण घेतला. हेमा पहाटे डोहावर गेली तर तोताराम बाभळीची एक मोठी फांदी दोरीनं बांधून रेतीवरून ओढत होता. पाण्याच्या कडेनं, करंजापासून खडकापर्यंत आणि परत. शेतात वखर चालवावा तसा, सावकाश. मागं रेतीवर बारीक बारीक रेघा उठत होत्या आणि पावलांचं नावनिशाण राहत नव्हतं. खडकही घासून धुतलेला.

"तोताभाऊ, हे काय?"

तो थांबला. हेमानं त्याला एका दमात एवढं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "दोन शेतस अजून. एक मोठं, एक पिल्लू. आते कोनी वाचाले नको."

त्यानंतर आठ वर्षं हेमा दर उन्हाळ्यात गेली. गेल्या गेल्या आधी डोहाकडं जायचं. रेतीवर फांदीच्या रेघा दिसल्या की जिवात जीव यायचा. तोताराम आहे, म्हणजे तीही आहेत. तोतारामानं लग्न केलं नाही. त्यानं वाडी केली आणि पहाटे फांदी ओढली. पाऊसकाळातही काठावरचा चिखल सपाट करायला जायचा म्हणे. सोनल येणार असल्याचा निरोप मिळाला की तेवढं एक पाऊल मात्र तो पुसायचा नाही. त्यावर टोपली पालथी घालून ठेवायचा. सोनल धावत जायची, टोपली उचलायची, आईची बांगडी पावलावर ठेवायची. "पाच!" ती ओरडायची. मग फांदी ओढायचा मान तिचा.

शेवटच्या खेपेला टोपलीखाली दोन पावलं होती, एक बांगडीएवढं आणि त्याच्या शेजारी रुपयाएवढं. तोतारामानं भुवई उडवली. हेमा तिथंच रेतीत बसून रडली आणि सोनल विचारत राहिली, "आई, काय झालं? चांगलं आहे ना हे?"

आबा त्याच वर्षी गेले. ताईबाई त्याच्या आदल्या थंडीत. भावानं केळीचा धंदा जळगावात हलवला, घराला कुलूप आहे. हेमाच्या धाकट्याची छाती नाजूक, धूळ लागली की रात्रभर सूं-सूं वाजतं, म्हणून डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलंय. अशी दोन वर्षं गेली. तोतारामाला लिहितावाचता येत नाही. हेमानं दोन कार्डं टाकली, पोस्टमन वाचून दाखवील या आशेनं. उत्तर नाही. मागच्या श्रावणात तापीला मोठा पूर आला होता, हे तिनं पेपरात वाचलं. काठावरच्या झोपड्यांबद्दल पेपरात एक ओळ होती, नावं नव्हती.

तिच्या डोळ्याला डोळा लागत नाही. सोनल आता तेरा वर्षांची आहे, तिच्या नाकाखाली बोट धरायला ती धरू देत नाही. हेमा धाकट्याच्या धरते आणि मनात आणखी एकाचा श्वास मोजते.

म्हणून हे तिचं मागणं तुमच्यापाशी, जे हे वाचताय. जळगावहून कधी असोद्याकडं जाणं झालं तर थोडं पुढं, धामणखेड्यापर्यंत जा. डोह कुठं, हे गावात विचारू नका. करंजाचं झाड लांबूनच दिसतं. वारा सुटायच्या आत पोहोचा. रेतीवर बाभळीच्या फांदीच्या बारीक रेघा असतील, एका दिशेनं गेलेल्या, तर हाक न मारता परत फिरा आणि धुळ्याला दोन ओळी टाका. पण रेतीवर पावलं दिसली, स्वच्छ, पाच बोटांची, धारदार काठांची, शेपटीच्या तुटक ओढीसकट, तर ती बघत उभे राहू नका. पायानं पुसा आणि आधी झोपडीत डोकावून बघा, तोताराम कसा आहे.